पडद्याआड गेलेली हाक

संगणकाच्या पडद्यावरील मांडणीचा विषय निघाला की आपल्यापुढे रंग, अक्षरे आणि चित्रे एवढेच येते. रुग्णवाहिका धाडणाऱ्या नियंत्रण कक्षात मात्र हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. कोणती गोष्ट नजरेसमोर टिकते आणि कोणती निसटते, यावर तेथे रुग्णाचा जीव अवलंबून असतो. या दृष्टीने लंडन रुग्णवाहिका सेवेचा १९९२ मधील अनुभव अभ्यासण्यासारखा आहे.

सुमारे ६०० चौरस मैलांच्या टापूतून या सेवेकडे त्या काळी दररोज २,००० ते २,५०० दूरध्वनी येत. जुनी पद्धत कागदी होती. निरोप घेणारा चिठ्ठी लिही, नकाशाच्या पुस्तकात ठिकाण शोधी आणि चिठ्ठी सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाई. पद्धत संथ खरी, चिठ्ठी क्वचित हरवेही. पण टेबलावर पडून राहिलेली चिठ्ठी डोळ्यांना खुपत राहते. कागदाचा हा गुण कोणी जमेस धरला नसावा.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी संगणकयंत्रणा सुरू झाली. गाडीवरील माणसांनी बटणे चुकीच्या क्रमाने दाबली किंवा बिनतारी संदेश पोचला नाही, की गाडी कोठे आहे हे यंत्रणेस कळेना. मग ती नियंत्रण कक्षातील पडद्यावर तशी सूचना देई. नवी सूचना आली की जुनी वर सरके आणि शेवटी पडद्याबाहेर जाई. म्हणजे जिच्याकडे सर्वांत अधिक वेळ दुर्लक्ष झाले, तीच आधी दिसेनाशी होई! मदत न आल्याने लोक पुन्हा दूरध्वनी करीत; तीच हाक कित्येकदा नवी म्हणून नोंदली जाई आणि भार आणखी वाढे. एका ठिकाणी दोन गाड्या, दुसरीकडे एकही नाही, असेही घडले.

दुसऱ्याच दिवशी कारभार अर्धा माणसांच्या हाती परत आला : चिठ्ठ्या संगणकातून छापून घ्यायच्या, गाडी माणसाने ठरवायची. ४ नोव्हेंबरला यंत्रणा ठप्प झाली ती निराळ्या कारणाने. आज्ञावलीचा एक तुकडा वापरलेली स्मृती मोकळी करीत नव्हता. पण तो दोष नसता, तरी यादी तशीच सरकत राहिली असती.

१९९३ च्या चौकशी अहवालात प्रशिक्षणाच्या उणिवाही दाखविल्या आहेत. त्या खऱ्याच, परंतु पडद्यावर नसलेली ओळ वाचण्याचे शिक्षण कोणास देता येईल? १९९६ मध्ये नवी यंत्रणा आली, तेव्हा ती वापरणाऱ्यांना विचारून, टप्प्याटप्प्याने बसविण्यात आली. आरंभी तिच्यावर फक्त हाक नोंदविण्याचे काम सोपविले होते.