एमसीबी कोणाचे रक्षण करतो?

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आठवणीच लिहाव्यात असे प्रथम वाटले. परंतु विज्ञानाच्या शिक्षकाने आठवणी लिहावयास घेतल्या, तरी त्यांत एखादा पाठ डोकावतोच. म्हणून सरळ पाठच लिहीत आहे. त्याला निमित्त झाले ते एका प्रश्नाचे. बीबीच्या बाजारात, बसथांब्यावर, लग्नकार्यात भेटणारे माजी विद्यार्थी अलीकडे तो वारंवार विचारतात : "सर, घरचा एमसीबी सारखा पडतो. वायरमन म्हणतो, मोठा बसवून टाकू. बसवू का?"

या प्रश्नाला 'नको' असे एका शब्दात उत्तर देता येईल. पण कारण कळल्याशिवाय ते उत्तर कोणी मनावर घेणार नाही. कारण मोठा एमसीबी बसविला की तो खरोखरच पडत नाही, आणि जे पडत नाही ते चांगले, अशी आपली समजूत असते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० ची. त्यानंतर गावोगाव खांब उभे राहिले आणि घरांत वीज आली ती दोन बल्बांपुरती. पुढे एखादा पंखा आला. त्याच्याही आधी, १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते आणि वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये धोरण समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा प्रश्न थेट दारिद्र्यनिर्मूलनाशी जोडला होता. आज मुबलकता बऱ्याच अंशी घरात आली आहे. फ्रीज, मिक्सर, कूलर, पाणी तापविण्याची रॉड, इस्त्री, मोटार, इन्व्हर्टर हे सारे सामान्य घरातही दिसते. मात्र भिंतीतील तार पुष्कळदा त्या दोन बल्बांच्या काळातलीच असते. घराला रंग देताना आपण भिंत पाहतो, भिंतीच्या आत काय आहे ते पाहत नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. खांबावरून घरात दोन तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. वीज फेजमधून येते, उपकरणातून जाते आणि न्यूट्रलमधून परत फिरते. ही फेरी पूर्ण झाली तरच प्रवाह वाहतो. तिलाच आपण परिपथ किंवा सर्किट म्हणतो. मीटरनंतर मेन स्विच आणि तेथून घराचे वेगवेगळे परिपथ निघतात. एका परिपथावरील सर्व उपकरणे समांतर जोडलेली असतात, म्हणून एक दिवा बंद केला तरी दुसरा चालूच राहतो. पण याच समांतर जोडणीचा दुसरा परिणाम असा की, जितकी उपकरणे चालू, तितक्या सर्वांच्या प्रवाहांची बेरीज एकाच तारेतून जाते.

ही बेरीज करणे सातवीच्या मुलाला जमण्यासारखे आहे. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागावे, अँपिअर मिळतात. ९ वॅटचा एलईडी दिवा घेतो जेमतेम ०.०४ अँपिअर. ७५ वॅटचा पंखा ०.३३. हजार वॅटची इस्त्री ४.३ आणि दोन हजार वॅटची रॉड ८.७ अँपिअर. म्हणजे एक रॉड सुमारे सव्वीस पंख्यांबरोबर आहे! घरात पंखे किती हे आपण मोजतो. रॉड ही मोजण्यासारखी वस्तू आपल्याला वाटतच नाही, कारण ती थंडीत तासभरच लागते.

तारेची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये सांगतात. आमचे जुने वायरमन अजूनही 'तीन-बावीस', 'सात-वीस' अशी नावे घेतात. पहिला आकडा पदरांचा, दुसरा गेजचा. नळीतून नेलेली तांब्याची १ चौरस मिलिमीटरची तार ढोबळमानाने ११ ते १२ अँपिअर, दीडची १४ ते १६, अडीचची २० ते २२ आणि चारची २७ ते २९ अँपिअर सोसते. एकाच नळीत तारांची गर्दी असेल किंवा वर उन्हाने तापलेला स्लॅब असेल, तर हे आकडे आणखी खाली येतात.

'सोसते' म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. प्रत्येक तारेला थोडा विरोध असतो. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा विरोध मीटरला सुमारे ०.०१८ ओहम. परसातील न्हाणीघरापर्यंत वीस मीटर तार नेली, तर जाण्यायेण्याची मिळून ती चाळीस मीटर होते आणि विरोध ०.७२ ओहम. तिच्यावर रॉड आणि इस्त्री एकाच वेळी लावली की १३ अँपिअर वाहतात. तेवढ्याने नऊ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि सुमारे १२० वॅट उष्णता तारेतच निर्माण होते. जुन्या शंभर वॅटच्या बल्बाला हात लावलेला ज्यांना आठवत असेल, त्यांना ही उष्णता किती हे सांगावे लागणार नाही. ती सबंध लांबीवर विभागलेली असते म्हणून लगेच काही घडत नाही. पण साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअसची. ती वर्षानुवर्षे ओलांडली जात राहिली, तर आवरण कडक होते, तडकते, आणि मग एखाद्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली की उरलेले काम होते.

येथे एक आडवळण घेतो, कारण ते महत्त्वाचे आहे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि विरोध जेथे असेल तेथेच ती साठते. हाताने पिळून वर टेप गुंडाळलेला सैल जोड, किंवा प्लगच्या आतला ढिला स्क्रू, यांचा विरोध सहज ०.२ ओहम होऊ शकतो. १३ अँपिअरला तेथे चौतीस वॅट उष्णता निर्माण होते, आणि तीही ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाख देण्याची इस्त्री बहुधा पंचवीस वॅटची असते. प्लगाचे छिद्र पिवळे किंवा काळे पडलेले दिसले, तर आत डाख देण्याची इस्त्री चालू आहे असेच समजावे. आणि हे कोणताही एमसीबी ओळखू शकत नाही, कारण प्रवाह तर १३ अँपिअरच आहे.

मग एमसीबी करतो काय? त्याच्या आत दोन यंत्रणा असतात. एक दोन धातूंची पट्टी. ठरलेल्यापेक्षा जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला की ती तापून वाकते आणि खटका पाडते. दुसरी तारेचे वेटोळे. शॉर्ट सर्किट होऊन प्रवाह एकदम कित्येक पट वाढला की त्याचे चुंबकत्व क्षणार्धात खटका ओढते. यांपैकी पट्टीचे काम सावकाश चालते. एमसीबीवर लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर वाहिला तरी त्याने पडू नये आणि १.४५ पट वाहिल्यास तासाच्या आत पडावे, असे त्याचे मानक आहे. म्हणजे १६ चा एमसीबी २३ अँपिअरवर पडेल, पण त्याला तासभर लागू शकतो.

म्हणून एमसीबीचा आकडा उपकरणे पाहून ठरवायचा नसतो, तो तार पाहून ठरवायचा असतो. दिव्यांच्या १ किंवा दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर ६ किंवा फार तर १० अँपिअर. अडीचच्या तारेवर १६. चारच्या तारेवर २० किंवा २५. आता १ चौरस मिलिमीटरच्या तारेवर कोणी ३२ चा एमसीबी बसविला असे समजा. तिच्यातून २० अँपिअर वाहू लागले, तर तार १२ अँपिअरच्या तुलनेत पावणेतीन पट तापेल आणि एमसीबीच्या दृष्टीने मात्र काहीच वावगे घडलेले नसेल. तार जळेल आणि खटका वरच राहील.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका नातलगांच्या घरी लग्न होते. तेव्हा एमसीबी नव्हते, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते. मांडवातील हॅलोजन, स्वयंपाकाचा मिक्सर, बँडवाल्यांचा अ‍ॅम्प्लिफायर, सारे एकाच फ्यूजवर. तीनदा फ्यूज गेला. चौथ्या वेळी कोणा उत्साही पाहुण्याने जाड वायरचे पाचसहा पदर पिळून त्यात बसविले. सर्वांनी त्यांचे कौतुक केले, त्यात मीही होतो. रात्री जेवणाच्या पंगती चालू असताना माजघरातील लाकडी पट्टीतून धूर येऊ लागला. कोणी मेन स्विच पाडला म्हणून निभावले. सकाळी पाहिले, तर आढ्यापर्यंत भिंतीवर काळा पट्टा उमटलेला होता. फ्यूज मात्र शाबूत होता.

आतापर्यंत जे सांगितले ते तारेच्या रक्षणाविषयी. माणसाच्या रक्षणाचे काय? येथे बहुतेकांचा गैरसमज असतो की, एमसीबी आहे, आता शॉक लागला तर तो पडेल. माणसाच्या शरीरातून ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही क्षण वाहिला, तरी हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणूस मरण्यास पुरेसा असलेला प्रवाह हा एमसीबीच्या आकड्याचा पाचशेवा हिस्साही नाही. एमसीबीला त्याची जाणीवही होत नाही.

विदर्भात याचे उदाहरण दर उन्हाळ्यात घडते आणि ते म्हणजे कूलर. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय. कूलर एक अँपिअरसुद्धा घेत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पंपाचे आवरण झिजून फेज पत्र्याला टेकली, तरी कूलर तसाच गार वारा देत राहतो. आणि मग पाणी भरताना, गवत सारखे करताना, खेळता खेळता लेकरू त्याला हात लावते. कूलरला तीन पिनांचा प्लग वापरा, पाणी भरण्यापूर्वी प्लग काढा, असे आवाहन महावितरण उन्हाळा आला की करीत असते; आणि उन्हाळा आला की वर्तमानपत्रांत त्या बातम्याही येतात.

तिसरी पिन अर्थिंगची. पत्र्यावर उतरलेली वीज तिच्यावाटे जमिनीत जावी, मोठा प्रवाह वाहावा आणि एमसीबी पडावा, अशी कल्पना आहे. पण आपल्या लोणार तालुक्यातील जमीन ध्यानात घ्या. वर काळी माती आणि खाली बेसाल्टचा काळा पाषाण. पावसाळ्यात ही माती चांगली वाहक असते. वैशाखात ती भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंगच्या नळीपासून सुटते. समजा घराच्या अर्थिंगचा विरोध २० ओहम आणि डीपीकडील ५ ओहम. २३० भागिले २५, म्हणजे ९.२ अँपिअर वाहतील. १६ चा एमसीबी पडणार नाही. आणि कूलरच्या पत्र्यावर जमिनीच्या तुलनेत सुमारे १८४ व्होल्ट राहतील, तेही अर्थिंग केलेले असताना! कूलरचा हंगाम आणि अर्थिंग सर्वांत दुबळे असण्याचा हंगाम एकच आहे.

काही ठिकाणी यावर एक घातक युक्ती योजलेली दिसते. बोर्डातच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून टाकतात. टेस्टर लावल्यावर सारे ठीक दिसते. पण खांबावरची किंवा बोर्डातली न्यूट्रल तुटली, की चालू उपकरणातून आलेली फेज त्या जोडामार्गे थेट कूलर, फ्रीज, मोटार यांच्या पत्र्यांवर उतरते. अर्थिंगची स्वतंत्र तार जमिनीपर्यंत गेलीच पाहिजे.

यावर खरा उपाय म्हणजे आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो की नाही, एवढेच तो पाहत असतो. फरक ३० मिलिअँपिअरचा झाला, तर ०.३ सेकंदाच्या आत आणि त्याच्या पाचपट झाला, तर ०.०४ सेकंदात तो वीज तोडतो. वरच्या उदाहरणातील ९.२ अँपिअरची गळती त्याच्या दृष्टीने तीनशे पट आहे. घरगुती जोडणीसाठी हीच ३० मिलिअँपिअरची मर्यादा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही आहे. मात्र आरसीसीबी अतिभार ओळखत नाही, म्हणून एमसीबीही हवाच. आणि कोणी एका हाताने फेज व दुसऱ्याने न्यूट्रल धरली, तर तोही ओळखू शकत नाही. त्याच्यावर 'टी' लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. खटका पडला नाही, तर तो बदलून घ्यावा. अनेक घरांत आरसीसीबी बसविलेला असतो, पण ते बटण बसविल्यापासून कोणी दाबलेले नसते.

तरीही शॉक लागलाच, तर माणसाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडावा. तो लांब असेल, तर कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने माणसाला तारेपासून दूर करावे. श्वास चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहावे आणि दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ज्यांनी प्रश्न विचारला, त्यांपैकी एका विद्यार्थ्याच्या घरी मी गेल्या थंडीत गेलो होतो. त्याचा एमसीबी १० चा होता आणि सकाळीच पडत असे. रॉडवर पाणी तापत असताना टाकी भरण्यासाठी अर्ध्या अश्वशक्तीची मोटार सुरू केली, की बेरीज १० च्या वर जाई आणि मोटार सुरू होतानाचा झटका त्यात भर घाली. दोन्ही एकाच १ चौरस मिलिमीटरच्या तारेवर होत्या. परवानाधारक वायरमनकडून त्याने न्हाणीघरासाठी अडीच चौरस मिलिमीटरची वेगळी तार ओढून घेतली, तिच्यावर १६ चा एमसीबी आणि मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविला. जुन्या तारेवर जुना १० चा एमसीबी तसाच ठेवला आहे.