बंदीच्या ६१ दिवसांची बेगमी



अन्नसुरक्षा म्हटलं की आपल्याला रेशनचा तांदूळ आठवतो. पण अर्थ साधा आहे: बाराही महिने घरात पोटभर, सकस जेवण हवं. आपली परीक्षा १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत होते. सुके बांगडे, सुकी सुंगटे, सोलं असं पुरुमेत आपण भरून ठेवतो. पण रोकड संपली की व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते. मग ऑगस्टात होडी गेली की मासा त्यालाच द्यायचा आणि भावही तोच ठरवणार. हंगाम चांगला जाऊनही घरात पैसा उरत नाही.

केरळात तिरुवनंतपुरमजवळ मरियनाडच्या मच्छीमारांनी यावर वाट काढली. संस्था करून किनाऱ्यावर लिलाव स्वतःच सुरू केला. अशा संस्थांचा 'सिफ्स' हा महासंघ १९८० मध्ये उभा राहिला. पद्धत सोपी: लिलावाच्या पैशातूनच कर्जाचा हप्ता आणि बचत टक्क्याने कापायची. मासा कमी मिळाला तर हप्ताही कमी. विक्री, कर्ज, बचत तिन्ही एकाच ठिकाणी असली की उचलीची गरज कमी होते.

आपल्याला हे नवीन नाही. रापण ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतोच. सहकार म्हणजे तोच वाटा, वहीत लिहून ठेवलेला.

म्हणून हंगामात प्रत्येक विक्रीमागे थोडी रक्कम संस्थेत ठेवा. बाजारात मासे विकणाऱ्या घरच्या बायकांनाही सभासद करा. बेगमी जशी मडक्यात, तशी खात्यातही हवी.

— सचिव