लाँगइयरब्येनला निघालेल्या भाचीला

तुझं स्वालबार्डला जायचं पक्कं झालं असं ताई फोनवर म्हणाली, तेव्हापासून मला एकेक गोष्ट आठवतेय. आठ हिवाळे मी लाँगइयरब्येनमध्ये एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काढले. तू आधी विद्यापीठाच्या केंद्रात सहा महिने शिकणार आणि जमलं तर नोकरी धरून राहणार, म्हणून राहणाऱ्या माणसाला जे लागतं तेच सांगते. बाकीचं तू इंटरनेटवर वाचलं असशीलच.

सगळ्यात आधी हे मनात पक्कं कर: ते गाव कुणालाही येऊ देतं, पण कुणाला सांभाळत नाही. 1920 च्या करारामुळे स्वालबार्डला व्हिसा लागत नाही. पण विमान ऑस्लो किंवा ट्रॉम्सोवरूनच जातं, आणि स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे. म्हणजे तिकडे गेलीस की तू शेंगेनमधून बाहेर पडलीस, परतताना पुन्हा आत शिरावं लागतं. म्हणून दोनदा प्रवेश देणारा व्हिसाच घे, आणि तो संपायच्या आत परतायचं कसं ते आजच ठरव. माझ्याबरोबर भांडी घासणाऱ्या एका मुलीची आई वारली, तेव्हा तिचा व्हिसा संपून गेला होता. तिला वेळेवर निघता आलं नाही. त्या रात्री आम्ही चौघी तिच्या खोलीत नुसत्या बसून होतो.

दुसरी गोष्ट पैशाची. तिथे स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे, हा नियमच आहे. बेकारी भत्ता नाही, वृद्धाश्रम नाही, आणि ज्याचं पोट भागत नाही त्याला राज्यपाल, त्यांच्या भाषेत सिसेलमेस्टर, परत पाठवू शकतो. बाळंतपणसुद्धा तिथे होत नाही, दिवस भरायच्या काही आठवडे आधी बाईला मुख्य भूमीवर जावं लागतं. दवाखाना आहे, चांगला आहे, पण लहान आहे. मोठं दुखणं आलं की पेशंटला विमानानं ट्रॉम्सोला हलवतात. तेव्हा विम्यात 'तिथून हलवण्याचा खर्च' हे शब्द आहेत का, ते स्वतः वाचून बघ, एजंटाच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नकोस. आणि परतीच्या तिकिटाइतके पैसे वेगळ्या खात्यात टाक. त्यांना हात लावायचा नाही, दिवाळीलासुद्धा नाही. माझा गुडघा गेला तेव्हा त्याच पैशांवर मी मिरजेला आले.

नोकरी मिळाली की पगाराआधी घर विचार. तिथली बहुतेक घरं सरकारची, कंपन्यांची नाही तर मालकांची असतात आणि नोकरीबरोबर मिळतात. नोकरी गेली की घरही जातं. किती दिवसांत खोली खाली करायची हे करारात लिहून घे. एका मालकानं मला 'बघू नंतर' असं सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं आणि त्याचा पुढे फार त्रास झाला. आणखी एक, तिथे राहिलेली वर्षं नॉर्वेतल्या वास्तव्यात धरत नाहीत. दहा वर्षं काढलीस म्हणून ऑस्लोत राहायचा हक्क मिळत नाही. पुढचे बेत आखताना हे विसरू नकोस.

हे गाव कोळशावर उभं राहिलं. 1906 साली लाँगइयर नावाच्या अमेरिकन माणसाच्या कंपनीनं तिथे खाण सुरू केली. शेवटची, सात नंबरची खाण 2025 मध्ये बंद झाली आणि वीजकेंद्र त्याच्या आधीच, 2023 मध्ये, कोळशावरून डिझेलवर गेलं. आता पोट चालतं ते पर्यटकांवर आणि संशोधनावर. म्हणून काम ऋतूंवर हलतं. फेब्रुवारी संपता संपता स्नोस्कूटरवाले येतात, उन्हाळ्यात जहाजं, आणि नोव्हेंबरात हॉटेलं ओस. नोव्हेंबरात नोकरी शोधत फिरू नकोस.

खाणीची एक सवय मात्र राहिली आहे. हॉटेलात, संग्रहालयात, पुष्कळ ठिकाणी दारातच बूट काढायचे. पूर्वी बुटांबरोबर कोळशाची भुकटी आत यायची म्हणून. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. पण लोकरीचे मोजे चांगले घे, दिवसभर लोकांना तेच दिसतात. माझी अंगठ्याला रफू केलेली राखाडी जोडी ताईकडे आहे, ती घेऊन जा.

किराण्याला मूल्यवर्धित कर नाही, म्हणून स्वस्ताई असेल असं वाटतं. तसं नाही, सगळं जहाजानं किंवा विमानानं येतं आणि ताजी भाजी तर सोन्याच्या भावाची. डाळी, गोडा मसाला, हिंग, आमसुलं इथून ने. विमानतळाच्या वरच्या डोंगरात जगभरातल्या बियाण्यांचं कोठार आहे, 2008 साली सुरू झालेलं. त्यात हैदराबादजवळच्या इक्रिसॅटनं ठेवलेली ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग सगळं आहे. त्याच्या खालून जाताना मला भाकरीची आठवण यायची, पण पीठ नेलं असेल तरच भाकरी. आणि फोडणी देताना पंखा सुरू, दार बंद, तेल कमी तापवायचं. पहिल्याच महिन्यात माझ्या लाल मिरच्यांच्या धुरानं आगीची घंटा वाजली. उणे अठराच्या थंडीत सगळी इमारत मुलंबाळं घेऊन बाहेर उभी होती. मी दारोदार जाऊन माफी मागितली. शेजारच्या थाई बाईनं मला आत बसवून भात वाढला. नॉर्वेजियनांखालोखाल तिथे थाई आणि फिलिपिनो लोक आहेत. त्यांच्याशी ओळख कर, अडल्यानडल्याला तेच धावून येतात.

गावाच्या हद्दीवर पांढऱ्या अस्वलाचं चित्र असलेली पाटी आहे. तिच्या पलीकडे बंदूक आणि ती चालवणारा माणूस असल्याशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. केंद्रात तुला सुरक्षिततेचं शिक्षण देतील, ते मन लावून घे. हिमकड्याची सूचना आली आणि घर सोडा म्हणाले, तर लगेच सोड. 19 डिसेंबर 2015 ला सकाळी सुकरटॉप्पेन डोंगरावरून बर्फ कोसळला, अकरा घरं मोडली आणि दोन जीव गेले. त्यातलं एक लहान मूल होतं. हल्ली हिवाळ्यातही पाऊस पडतो आणि रस्त्याची काच होते. बुटांना लावायचे खिळे पहिल्याच दिवशी विकत घे.

आता अंधाराचं. ऑक्टोबरच्या शेवटाला सूर्य मावळतो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. थंडीपेक्षा हेच जड जातं. सकाळचे दहा आणि रात्रीचे दहा सारखेच. भूक लागेल तेव्हा खाल्लं, झोप येईल तेव्हा झोपलं, असं दोन आठवडे केलंस तर माणूस सैल होत जातो. मी हे अनेक तरण्याताठ्या पोरांचं झालेलं पाहिलंय. घड्याळ धर. कितीही कंटाळा आला तरी रोज एकदा बाहेर पड, चमकपट्टीचं जाकीट घालून, कारण गाडीवाल्याला तू दिसणार नाहीस. रोज माशाचं तेल घे. दुपारी झोपू नकोस. तिथे तिन्हीसांजा होतच नाहीत, म्हणून मी संध्याकाळी सात वाजता खिडकीत दिवा लावायचे. काळ्या काचेत ज्योत दोनदा दिसायची. दिवा लागला की दिवस संपला, हे शरीरालाही कळायला लागलं. तुझ्या सामानात आईनं समई बांधली असेल तर काढून ठेवू नकोस.

फेब्रुवारीत आकाश निळं, मग गुलाबी होतं, पण डोंगरांमुळे गावात ऊन पोहोचायला 8 मार्च उजाडतो. जुन्या दवाखान्याच्या उरलेल्या पायऱ्यांवर सगळं गाव जमतं, पोरांनी तोंडावर पिवळे सूर्य रंगवलेले असतात. दुपारी एकच्या सुमाराला किरण पायरीवर येतो. मी पहिल्या वर्षी हातमोजा काढून त्या उन्हात तळहात धरला होता. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. मी फोनजवळच बसलेली असेन.