सीमेवरील चौकीचा एक दिवस : पाठाची मांडणी

सैनिकाविषयीचा पाठ प्राथमिक शाळेत बहुधा एकाच पद्धतीने घेतला जातो. शिक्षक फळ्यावर ‘जवान’ हा शब्द लिहितात, रणांगणावरील पराक्रमाची एखादी गोष्ट सांगतात, मुले टाळ्या वाजवितात आणि तास संपतो. यात गैर असे काही नाही; परंतु त्यामुळे मुलांची अशी समजूत होते की, सैनिक म्हणजे सदैव बंदूक चालविणारा माणूस, आणि युद्ध नसेल त्या काळी त्यास काही कामच नसते. वस्तुस्थिती निराळी आहे. दूरच्या चौकीवरील सैनिकाचे बहुतेक दिवस पाणी, विस्तव, पादत्राणे, पहारा आणि बर्फ उपसणे यांत जातात, आणि यांपैकी एका कामात कसूर झाली तरी माणूस दगावतो. पाठ याच दिशेने न्यावा.

पाथर्डी तालुक्यातील तिसगावसारख्या गावी हा पाठ घेताना शिक्षकांस एक सोय आहे व एक जोखीमही आहे. सोय अशी की, सैन्य ही येथील मुलांस अगदी परकी गोष्ट नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर), रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून आहे. करंजी घाटातून नगरला जाणाऱ्या मुलांनी लष्करी गाड्या पाहिलेल्या असतात. जोखीम अशी की, वर्गात बसलेल्या एखाद्या मुलीचे वडील वा मामा त्याच क्षणी सीमेवर असण्याचा संभव असतो. तिच्यासमोर हौतात्म्याचे वर्णन रंगवून सांगणे बरे नव्हे. कोणाच्या घरचे कोण सैन्यात आहे, याची चौकशी पाठाच्या आदल्या दिवशीच करून ठेवावी.

उदाहरणादाखल सियाचिन हिमनदी घ्यावी. नकाशावर भारताच्या अगदी उत्तर टोकास, लडाखमधील नुब्रा खोऱ्याच्या वर, ती दाखविता येते. लांबी सुमारे ७६ किलोमीटर. येथील कड्यांवर भारतीय सैन्य १३ एप्रिल १९८४ पासून उभे आहे. सर्वांत उंच चौक्यांपैकी एक चौकी नायब सुभेदार बाणासिंग यांच्या नावाने ओळखली जाते. जून १९८७ मध्ये ती जागा जिंकल्याबद्दल त्यांस परमवीरचक्र मिळाले. तिची उंची सुमारे ६,४०० मीटर. हा आकडा नुसता सांगून उपयोग नाही. आपल्याच जिल्ह्यातील, अकोले तालुक्यातील कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटर आहे. जवळजवळ चार कळसूबाई एकावर एक रचाव्यात तेव्हा ती चौकी येते, असे सांगितले म्हणजे मूल मान वर करून पाहू लागते.

तेथे कोणासही एकदम नेत नाहीत. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. तिचा दाब आपल्याकडील दाबाच्या निम्म्याहूनही कमी भरतो. म्हणून शरीरास सवय लागावी यासाठी सैनिकास टप्प्याटप्प्याने वर नेतात : पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर चार. घाई केल्यास फुप्फुसांत पाणी होते आणि धडधाकट तरुणही एक-दोन दिवसांत दगावू शकतो. त्यानंतर हिमनदीच्या तळाशी असलेल्या शाळेत बर्फावर चालण्याचे शिक्षण होते. होय, शाळाच, गुरुजींनी हा शब्द अवश्य वापरावा. मिशा फुटलेली माणसे तेथे चालावे कसे हे नव्याने शिकतात, ही गोष्ट मुलांस फार आवडते. चालताना सर्वजण एका दोरास बांधलेले असतात, कारण बर्फाच्या पृष्ठभागाखाली खोल भेगा दडलेल्या असतात. एकजण आत गेला तर इतरांनी दोर ताणून त्यास धरावयाचे. मैदानावर पाच मुलांस दोरीने जोडून हे करून दाखवावे. कोणी पुढे पळू लागले की मागचा पडतो, हे त्यांचे त्यांस कळेल.

आता चौकीचा दिवस. तो उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. पहाटे व सायंकाळी सर्वांनी शस्त्रसज्ज उभे राहावयाचे, हा लष्करातील जुना शिरस्ता आहे. पहाऱ्याच्या पाळ्या रात्रभर चालूच असतात. रात्रीतून बर्फ पडले असल्यास निवाऱ्याचे दार, वाट, छप्पर फावड्याने मोकळे करणे हे पहिले काम. हिवाळ्यात तेथे एकंदर दहा मीटरच्या आसपास बर्फ पडते आणि पारा शून्याखाली पन्नास अंशांपर्यंत उतरतो. उपसण्यात खंड पडला तर निवारा गाडला जाईल, म्हणून वादळात हे काम मध्यरात्रीही करावे लागते.

नंतर पाणी. या भागावर शिक्षकांनी वेळ खर्च करावा, कारण पाथर्डी तालुक्यातील मुलास पाण्याविषयी नव्याने सांगावे लागत नाही. टँकरपुढे हंडा घेऊन उभे राहिलेले मूल हा प्रश्न लगेच विचारते : चहूकडे बर्फच बर्फ, मग पाण्याची वाण कशी? उत्तर असे की, बर्फ पिता येत नाही; ते वितळवावे लागते, वितळविण्यास रॉकेल लागते, आणि रॉकेलचा प्रत्येक डबा खालून वर आणावा लागतो. शिवाय ताजे बर्फ फार पोकळ असते. येथे आपल्या शेतातील कापूस कामी येतो. सैल कापसाने भरलेला हंडा वर्गात आणावा आणि तो कापूस मुलांकरवी दाबून घ्यावा. हंडाभर कापूस तळाशी जाऊन बसतो. ताज्या बर्फाच्या दहा हंड्यांचे मोठ्या मुश्किलीने एक हंडा पाणी होते. तेव्हा त्या चौकीवर अंघोळ किती दिवसांनी होत असेल, हे मुलांसच विचारावे. उत्तरे मजेदार येतात.

स्वयंपाकाचीही तीच कथा. विरळ हवेत पाणी सुमारे ८० अंशांवरच उकळू लागते, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही, कुकर हवाच. अंडी व बटाटे दगडासारखे होतात. डबाबंद अन्न, सुका मेवा, चॉकलेट हे सर्व असते. नसते ती भूक. त्या उंचीवर जेवण नकोसे होते आणि तरीही जेवावे लागते. ज्या घरांत ऊसतोडीच्या हंगामात आई-वडील कोपीवर जातात, तेथील मुलास दूर राहून खाण्याची आबाळ म्हणजे काय हे शिक्षकांपेक्षा अधिक ठाऊक असते. त्यास बोलू द्यावे.

उघड्या बोटांनी बंदुकीच्या लोखंडास स्पर्श केला तर कातडी चिकटते. मोज्यांत घाम राहिला तर तो गोठतो आणि बोटे काळी पडू लागतात. म्हणून पाय कोरडे ठेवणे, मोजे बदलणे, एकमेकांची बोटे पाहणे ही रोजची शिस्त असते. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे जातात, म्हणून काळा चष्मा. रात्री निवाऱ्यात रॉकेलची शेगडी जळते. तिच्या काजळीने नाक-तोंड काळे होते. वारा यावा म्हणून फट ठेवली तर थंडी, बंद केली तर विषारी धूर. आरोग्याच्या तासास एरव्ही कंटाळणारी मुले हा भाग कान देऊन ऐकतात.

वरच्या वर्गातील एखादे मूल हटकून विचारील : इतका त्रास, तर तेथे राहावयाचेच कशास? प्रश्न टाळू नये. तेथील सीमारेषा नकाशावर एका बिंदूपर्यंतच आखली गेली होती आणि पुढे हिमनद्यांच्या प्रदेशात ती स्पष्ट नव्हती. भारत व पाकिस्तान दोघांनीही तो प्रदेश आपला मानला. जागा सोडली तर दुसरा येऊन बसेल, म्हणून कोणी सोडत नाही. नोव्हेंबर २००३ पासून तेथे शस्त्रसंधी आहे. एवढे पुरे. हेही सांगावे की, तेथे शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानानेच अधिक सैनिक गेले आहेत.

याचे उदाहरण द्यावयाचे तर ते सहावी-सातवीच्या वर्गातच द्यावे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सुमारे १९,६०० फुटांवरील सोनम चौकीवर बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि तेथील दहाही जवान गाडले गेले. शोधपथकांनी यंत्रांनी बर्फ कापीत खणणे चालू ठेवले. सहाव्या दिवशी धारवाड जिल्ह्यातील लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले; दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात ११ फेब्रुवारीस त्यांचे निधन झाले. त्या दहांत सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचा एक जवान होता. तो शुश्रूषा करणारा सहायक होता, म्हणजे चौकीवरील इतरांच्या बोटांची व श्वासाची काळजी घेणे हेच त्याचे काम. माण हा पाथर्डीसारखाच अवर्षणाचा मुलूख. हे सांगताना आवाज चढवू नये. वर्गात सैनिकाचे मूल असेल तर हा प्रसंग गाळावा. पाठाचे त्यावाचून अडत नाही.

स्वाध्याय म्हणून मुलांकडून पत्र लिहवून घ्यावे. सैनिकाच्या पत्त्यात गाव वा चौकी नसते. क्रमांक, नाव, पलटण आणि ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ एवढेच असते, आणि टपाल लष्कराचे टपालखाते पोचविते. पत्र कोठे पोचले हे मुलास कळत नाही, याचे त्यास नवल वाटते. मजकुरात ‘आपण शूर आहात’ अशी वाक्ये फळ्यावरून उतरवून देऊ नयेत. गावात पाऊस झाला काय, बाजरी कशी आहे, शेळी व्याली काय, शाळेत नवे काय आले, हे लिहावयास सांगावे; चौकीवर अशाच मजकुराची वाट पाहिली जाते. ज्या मुलीचे वडील खरोखर तेथे आहेत, तिचे पत्र वर्गात मोठ्याने वाचून घेऊ नये. पाकीट तिचे तिने चिकटवावे. आणि उत्तरास विलंब लागेल हे सर्वांस आधीच सांगून ठेवावे, कारण हवा बिघडली की हेलिकॉप्टर उडत नाही आणि टपालाची थैली तळावरच पडून राहते.