खारफुटीचे वन : कार्बन व उष्णता यांची ऋतुमानानुसार देवघेव

गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना या नद्यांच्या मुखाशी पसरलेले सुंदरबन हे जगातील सर्वांत मोठे सलग खारफुटीचे वन होय. त्याचे क्षेत्र सुमारे १०,००० चौरस किलोमीटर असून त्यापैकी अदमासे दोनपंचमांश भाग भारतात मोडतो. कोकणच्या खाड्यांत वाढणाऱ्या तिवराचे भाईबंद येथे बाईन या नावाने ओळखले जातात. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी या वनात शिरते.

पाण्यात पाय रोवून उभ्या असलेल्या वृक्षाला पाण्याची काय वाण, असे प्रथमदर्शनी वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. समुद्राच्या पाण्यातील मीठ मागे ठेवून निव्वळ पाणी ओढून घ्यावयाचे, तर मुळांना सुमारे २५ वातावरणांइतक्या परासरण दाबावर मात करावी लागते. शोलांडर व त्यांचे सहकारी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांत खारफुटीच्या जलवाहिन्यांतील ताण याहूनही अधिक आढळला. म्हणूनच पाणी जितके खारे, तितका वृक्ष पाणी खर्चण्यात कृपण. तो आपली पर्णरंध्रे आवळून धरतो. परंतु ज्या रंध्रांतून बाष्प बाहेर पडते, त्यांतूनच कार्बन डाय-ऑक्साइड आत येतो. दार एकच असल्यामुळे ते लोटले की दोन्ही व्यवहार मंदावतात.

पानांवर पडणारी सौर ऊर्जा मात्र कोठेतरी खर्ची पडलीच पाहिजे. ३०° से. तापमानाच्या एक ग्रॅम पाण्याचे बाष्प होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तेच पाणी नुसते उत्कलनबिंदूपर्यंत तापविण्यास ७० कॅलरी पुरतात. बाष्पोत्सर्जन हे उष्णता वाहून नेण्याचे केवढे प्रभावी साधन आहे, हे यावरून ध्यानी येईल. रंध्रे आखडली की ती उष्णता वनावरील हवा तापविण्यात जाते.

ही देवघेव मोजण्यासाठी भारतीय सुंदरबनात एप्रिल २०१२ मध्ये एक मनोरा उभारण्यात आला. वृक्षांच्या शेंड्यांवर हवेचे लहानमोठे भोवरे अखंड वरखाली होत असतात. वर जाणाऱ्या व खाली येणाऱ्या हवेत कार्बन डाय-ऑक्साइड आणि बाष्प किती आहे, हे सेकंदातून अनेक वेळा नोंदून अर्ध्याअर्ध्या तासाचा हिशेब मांडतात. खाली येणाऱ्या हवेत वायू अधिक व वर जाणाऱ्या हवेत कमी असेल, तर मधला फरक वनाने घेतला असे समजावयाचे.

पहिल्या वर्षाच्या नोंदी बोलक्या आहेत. कार्बन डाय-ऑक्साइडच्या निव्वळ ग्रहणाचा उच्चांक एप्रिल ते जून या काळात दर चौरस मीटरला सेकंदास ६ मायक्रोमोल होता. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तो १० मायक्रोमोलपर्यंत गेला. बाष्पाचा उच्चांक जुलैत २.५ मिलिमोल, तर ऑक्टोबरात ५.५ मिलिमोल भरला. वरील विवेचनाशी हे जुळते. ग्रीष्मात प्रकाश मुबलक, पण पाणी खारट आणि उष्म्यामुळे श्वसनाचा खर्चही मोठा. वर्षाकाळी मीठ धुऊन निघते, पण आकाश झाकलेले. पाऊस सरला की निरभ्र आकाश आणि सौम्य पाणी यांची गाठ पडते. बंगालच्या या वनाची खरी सुगी ती हीच.

वर्षभरात दर चौरस मीटरला १,२७१ ग्रॅम कार्बन घेतला गेला व १,०२२ ग्रॅम श्वसनावाटे परत गेला. म्हणजे पाच रुपयांच्या मिळकतीत चार रुपये घरखर्च! शिल्लक राहिली २४९ ग्रॅम, हेक्टरी सुमारे अडीच टन.

या शिलकेकडे मात्र सावधपणे पाहिले पाहिजे. मनोऱ्यास दिसतो तो हवेतील व्यवहार. चिखलातील श्वसनातून निघालेला बराच कार्बन पाण्यात विरघळून, बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपाने, ओहोटीबरोबर समुद्राकडे जातो. तो वनात उरलेला नसतो आणि हवेतही गेलेला नसतो. उष्णतेच्या हिशेबातही उपलब्ध ऊर्जेपैकी सुमारे ७८ टक्क्यांचाच मेळ लागला. भरतीचे पाणी व ओला चिखल हेही उष्णता साठवतात आणि वाहून नेतात. प्राणवायूविरहित चिखलात गाडला गेलेला कार्बन तेवढा शतकानुशतके टिकतो.

गोड्या पाण्याचे महत्त्व यावरून कळून येते. मध्यभागातून वाहणाऱ्या मातला नदीचा वरच्या अंगाच्या गोड्या प्रवाहाशी संबंध तुटलेला आहे. ज्या वृक्षावरून वनाला नाव पडले असे मानतात, तो सुंदरी वृक्ष तेथे विरळ झाला असून अधिक क्षार सोसणाऱ्या जातींनी ती जागा घेतली आहे. त्या भागास वर्षातून एकदा मिळणारा दिलासा आता मुख्यतः पावसाचाच.