भांगेचे बी व त्याचे तेल : आहाराच्या दृष्टीने थोडा विचार

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत अहवाल व आठवणी यांच्या जोडीला घरोघर उपयोगी पडेल असा एखादा आहारविषयक लेख असावा, ही अपेक्षा रास्त आहे. त्यासाठी आम्ही निवडलेला विषय वाचून काही वाचकांस नवल वाटेल. भांग म्हटली की माळव्यातील आपल्या मंडळींना महाशिवरात्र, ठंडाई आणि वाटलेली हिरवी गोळी आठवते. सभ्य घरात तिचे नाव काढण्याचीही चोरी! परंतु गेल्या काही वर्षांत भांगेच्या बियांची पाकिटे व तेलाच्या बाटल्या दुकानांत राजरोस मिळू लागल्या आहेत. कोणी त्यांस विष समजून दूर ठेवतात, तर कोणी सर्व रोगांवरील रामबाण औषध समजून वाटेल ती किंमत मोजतात. या दोन्ही समजुतींत तथ्य किती, हे शांतपणे पाहावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नावाचा घोटाळा

प्रथम नावाविषयी. इंग्रजीतील ‘हेम्प’ हा शब्द आपल्या देशात तीन निरनिराळ्या वनस्पतींना लावला जातो. एक बोरूचा ताग, ज्यास हिंदीत सन किंवा सनई म्हणतात. दुसरी आपल्या परिचयाची अंबाडी. आणि तिसरी भांग. तिन्हींच्या सालीपासून वाख निघतो, म्हणून नाव एक पडले. गुणधर्म मात्र एक नाहीत. बोरूच्या बियांत विषारी द्रव्ये असतात व त्या खाण्याजोग्या नाहीत. पाकिटावर केवळ ‘हेम्प’ एवढेच लिहिलेले असेल, तर आत भांगेचेच बी आहे याची खात्री करून घ्यावी.

बी आणि नशा

नशा आणणारे द्रव्य भांगेच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावर व त्याभोवतीच्या पानांवर जी चिकट राळ असते, तीत मुख्यत्वे साठते. बियांच्या गरात ते जवळजवळ नसतेच. जे थोडे सापडते ते बाहेरील टरफलास राळ लागल्यामुळे. म्हणून स्वच्छ केलेले बी खाल्ल्याने नशा येत नाही.

कायद्यानेही हा भेद मानला आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांपासून वेगळे केलेले बी वगळले आहे. पुढे २०२१ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने भांगेचे बी व त्याचे तेल यांस अन्नपदार्थ म्हणून मान्यता देणारे नियम काढले. त्यांनुसार नशेच्या द्रव्याचा अंश बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा व तेलात किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. मात्र परवान्यावाचून भांगेची लागवड करणे हा आजही गुन्हाच आहे. आणलेले बी हौसेने कुंडीत पेरण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.

बियांचा हा उपयोग काही नवा नाही. कुमाऊँ व गढवाल या पहाडी मुलखांत हे बी भाजून, जिरे, मिरची, मीठ व लिंबू घालून त्याची चटणी वाटतात. बी वाटून पाण्यात कालवून गाळले म्हणजे दुधासारखे पाणी निघते, ते तेथे अरवीच्या भाजीत घालतात. जपानातील सात जिनसांच्या मसाल्यात हे बी असते. आणि पोलंडच्या सायलेशिया भागात नाताळच्या आदल्या रात्री त्याचे सार करण्याची चाल आहे. ज्या अन्नावर एवढे लोक पिढ्यान्‌पिढ्या जगले, त्यास विष म्हणणे योग्य होणार नाही.

बियांत काय आहे

सोललेल्या १०० ग्रॅम बियांत सुमारे ३० ग्रॅम प्रथिने व ४५ ते ५० ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. मॅग्नेशियम सुमारे ७०० मिलिग्रॅम असते. शिवाय फॉस्फरस, लोह व जस्तही चांगल्या प्रमाणात असतात. आपण एका वेळी १०० ग्रॅम खाणार नाही हे उघड आहे. तीन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम बी घेतले तर ९ ग्रॅमांच्या आसपास प्रथिने मिळतात. शाकाहारी घरात, विशेषतः दात नसल्याने डाळी-उसळी कमी खाणाऱ्या वृद्धांस, ही भर लहान नाही.

ही प्रथिने पचण्यास सुलभ आहेत. परंतु त्यांत लायसिन नावाचा आवश्यक घटक थोडा कमी पडतो. तोच घटक आपल्या डाळींत भरपूर असतो. म्हणजे भांगेचे बी वरणाच्या जोडीला शोभते. वरणाची जागा ते घेऊ शकत नाही.

सालीसकट बियांत चोथाही पुष्कळ असतो, व तो कोठा साफ राहण्यास उपयोगी पडतो. सोललेल्या बियांत तो फारच थोडा उरतो. त्यामुळे मलावरोधासाठी बी घेणाऱ्यांनी सोललेले बी घेऊन उपयोग नाही.

तेलाचे गुण व मर्यादा

तेलाबाबत पुष्कळांचा गैरसमज होतो तो हा की, बियांचे सर्व गुण तेलात उतरतात. तसे होत नाही. तेलात प्रथिने नाहीत व चोथाही नाही. त्यात जे आहे ते स्निग्धाम्लांच्या रूपाने. शरीरास स्वतः तयार करता न येणारी दोन स्निग्धाम्ले अन्नातूनच मिळवावी लागतात. ज्यांस आजकाल ओमेगा-६ व ओमेगा-३ या गटांतील म्हणतात. भांगेच्या तेलात ती साधारण तीनास एक या प्रमाणात असतात. करडई किंवा सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात दुसरे जवळजवळ नसतेच. म्हणून हे प्रमाण चांगले मानतात. तथापि वनस्पतीतील या ओमेगा-३ चे माशांत आढळणाऱ्या प्रकारात रूपांतर आपल्या शरीरात थोडेच होते, हेही ध्यानात ठेवावे.

हे तेल उष्णता, उजेड व हवा यांनी लवकर खवट होते. म्हणून ते तळणास किंवा फोडणीस वापरू नये. वरून कच्चेच घ्यावे. बाटली गडद काचेची, लहान, आणि उघडल्यावर शीतकपाटात ठेवलेली असावी. खवट वास आल्यास पैशाकडे न पाहता टाकून द्यावे.

औषधी गुणांबद्दल बोलायचे तर, २००५ साली फिनलंडमधील एका लहान प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. वीस आठवड्यांच्या त्या प्रयोगात त्वचेचा जुनाट खाजरा विकार असलेल्या रुग्णांस हे तेल व ऑलिव्हचे तेल आळीपाळीने देण्यात आले. भांगेच्या तेलाच्या काळात त्वचेचा कोरडेपणा व खाज कमी झाल्याचे आढळले. ही उत्साहवर्धक गोष्ट आहे. पण एवढ्यावरून रक्तदाब, मधुमेह, संधिवात हे सारे त्याने बरे होतात असे म्हणणे म्हणजे राईचा पर्वत करणे होय. पानाफुलांपासून काढलेले औषधी अर्क हे आणखी निराळे. त्यांचे गुणदोष बियांच्या तेलास चिकटवू नयेत.

घरात वापर कसा करावा

बी मंद आचेवर हलके भाजावे व कारळ्यांच्या चटणीप्रमाणेच लसूण, जिरे, सुकी मिरची व मीठ घालून कुटावे. भाकरीबरोबर ही चटणी छान लागते. सोललेले बी कोशिंबिरीवर, पोह्यांवर किंवा थालीपिठाच्या पिठात घालता येते. आरंभ एका चमच्याने करावा. एकदम अधिक खाल्ल्यास पोट बिघडते. तेल चहाचे एक-दोन चमचे कोशिंबिरीवर किंवा कोरड्या चटणीत पुरे. हे अन्न स्निग्ध असल्याने ३० ग्रॅम बियांत सुमारे १६० कॅलरी असतात. तेवढे दुसरे तेल कमी केले नाही, तर वजन वाढेल. रक्त पातळ होण्याची औषधे चालू असणाऱ्यांनी व गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांस विचारूनच घ्यावे.

जवसाची आठवण

शेवटी एक घरगुती हिशेब. ओमेगा-३ साठीच कोणी या बाटल्या घेत असेल, तर आपल्या जवसात, म्हणजे माळव्यातील अलसीत, ते वजनास वजन भांगेच्या बियांच्या दुपटीहून अधिक असते, आणि किंमत पुष्कळच कमी. जवस मात्र भाजून कुटूनच खावे. अख्खे खाल्ले तर न पचताच बाहेर पडते. सासूबाईंच्या हातची जवसाची चटणी ज्या घरातून नाहीशी झाली असेल, तेथे ती प्रथम परत यावी. प्रथिने व मॅग्नेशियम यांच्या दृष्टीने भांगेचे बी सरस आहे. ज्यांस परवडते त्यांनी जवस, कारळे व तीळ यांच्या पंगतीत त्यासही खुशाल बसवावे.

आपल्या वडीलधाऱ्यांस एक कळकळीची विनंती. दुकानदाराच्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून रक्तदाबाची वा साखरेची गोळी बंद करून तिच्या जागी चमचाभर तेल घेण्याचे धाडस कृपया करू नका. घरातील तरुणांनीही ही बाटली औषधांच्या डब्यात न ठेवता स्वयंपाकघरात ठेवावी, आणि आईवडिलांच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, हे रोज पाहावे.