तिचा पाय जमिनीवर होता

तो व्हिडिओ मी अजून मोबाइलमधून पुसलेला नाही. अकरा सेकंदांचा आहे. लाल ट्रेलवरच्या एका उंचवट्याच्या कडेला माझी दहा वर्षांची लेक सायकलवर बसली आहे. उजवा पाय पेडलवर, डावा जमिनीवर. मागून माझाच आवाज येतो, ‘‘अगं, जा की! तो बघ, तुझ्याहून लहान मुलगा गेलासुद्धा.’’ मग तो डावा पाय उचलला जातो. पुढचं चित्र नुसतं हलतंय, कारण तोवर मी धावत सुटले होते.

आईबाबांनो, आज तुमच्याशी बोलायचंय ते त्या डाव्या पायाबद्दल.

आम्ही इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला राहतो. सेव्हर्न नदी ओलांडून पश्चिमेला गेलं की फॉरेस्ट ऑफ डीन लागतं. सेव्हर्न आणि वाय या दोन नद्यांच्या मधलं हे जुनं जंगल. कधीकाळी राजाच्या शिकारीचं, नंतर कोळसा आणि लोखंडाच्या खाणींचं. मोठ्या खाणी बंद पडल्या, कोळसा वाहणारी रेल्वे गेली, आणि तिच्या रुळांच्या जागी आज कुटुंबांनी रमतगमत सायकल चालवावी असा सपाट रस्ता झाला आहे. आमची सुरुवात तिथूनच झाली. लेक सहा वर्षांची होती. मी तिच्या मागून चालत होते आणि दर दहा पावलांना ‘हळू’ म्हणत होते. या जंगलात रानडुकरं आहेत हे कळल्यावर तर मी दोन आठवडे तिकडे फिरकलेच नाही. साताऱ्याच्या आजीनं फोनवर समजूत घातली, ‘‘अगं, आपल्याकडं काय कमी आहेत का? माणसाची चाहूल लागली की आपणच निघून जातात ती.’’

मी स्वतः तासाच्या भाड्यानं आणलेल्या सायकलवर शिकले. सायकल मोठ्या माणसाची, त्यामुळे दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारायचं. गुडघे किती वेळा फुटले त्याची मोजदाद नाही. आणि तीच मी, लेकीच्या मऊ, सपाट रस्त्यावर ‘हळू, हळू’ करत होते. ही माझी पहिली चूक. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची असेल. दुसरी चूक पहिलीच्या अगदी उलट होती, आणि ती जास्त महागात पडली.

आधी हे ट्रेल कसे असतात ते सांगते, कारण भीती आणि फाजील विश्वास, दोन्ही अज्ञानातून येतात. ब्रिटनच्या जंगलांत सायकलसाठी आखलेल्या वाटांना रंग असतात. हिरवी सर्वांत सोपी, मग निळी, मग लाल, मग काळी. नारिंगी रंग बाइक पार्कमधल्या मोठ्या उड्यांच्या वाटांचा. डीनमधली निळी वाट ‘व्हर्डरर्स ट्रेल’, साधारण ११ किलोमीटरची. व्हर्डरर म्हणजे या जंगलाची राखण करणारे परंपरेनं चालत आलेले अधिकारी. लाल वाट ‘फ्रीमायनर्स’. या भागात जन्मलेल्या आणि इथल्या खाणीत एक वर्ष एक दिवस काम केलेल्या माणसाला स्वतःची खाण चालवण्याचा जो जुना हक्क मिळतो, त्यावरून हे नाव. शतकानुशतकं हा हक्क पुरुषांकडेच होता. २०१० साली पहिल्यांदा एका बाईचं नाव त्या नोंदवहीत लागलं. हे मी लेकीला सांगितलं तेव्हा तिनं ठरवून टाकलं, आता लाल वाट करायचीच.

निळ्या वाटेवर वळणाच्या बाहेरच्या बाजूला मातीची कड उचललेली असते. तिला बर्म म्हणतात. वेगातली सायकल तिच्यावर टेकून वळते, घसरत नाही. उंचवटे असे बांधलेले असतात की चाक जमिनीवरून न उचलताही त्यांच्यावरून जाता येतं. उड्यांमध्ये ‘टेबलटॉप’ नावाचा प्रकार असतो. उडी घ्यायची जागा आणि उतरायची जागा यांच्यामध्ये मातीचा ओटा भरलेला असतो, त्यामुळे उडी तोकडी पडली तरी मूल ओट्यावरच उतरतं. मधे खड्डा असलेली उडी वेगळी, तिथं तोकडी पडून चालत नाही. पाटीवरचा रंग पाहून मुलाला सोडण्याआधी एकदा स्वतः त्या वाटेच्या कडेनं चालून या. मी हे फार उशिरा केलं.

दोन वर्षांत लेकीनं हिरवी आणि निळी वाट पचवली. वेल्समध्ये मर्थर टिडफिलजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या बाइक पार्कलाही जाऊन आलो. तिथं ट्रेलर जोडलेली गाडी सायकलींसकट माणसांना डोंगराच्या माथ्यावर नेऊन सोडते. चढ नाही, नुसता उतार. ‘कर्मिट’ नावाच्या हिरव्या वाटेवरून ती दिवसभर वरखाली करत होती. मी फोटो काढत होते, ग्रुपवर टाकत होते, ‘वाघीण आहे’ अशी उत्तरं येत होती. त्या उत्तरांची मला सवय लागली. तिच्या सायकलीतला आनंद हळूहळू माझा होत गेला. ‘हळू’ म्हणणारी मी ‘जा की’ म्हणायला कधी लागले, ते माझं मलाच कळलं नाही.

त्या दिवशी, व्हिडिओतल्या त्या उंचवट्यावर, ती पडली. कडेवर घाबरून तिनं पुढचा ब्रेक आवळला आणि हँडलवरून पुढे फेकली गेली. हाड मोडलं नाही. पण उठल्यावर तिनं मला तीनदा विचारलं, ‘‘आई, आपण इथं कशाला आलोय?’’ सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नव्हतं. आम्ही थेट इस्पितळ गाठलं.

मेंदूला हादरा बसल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. हे प्रत्येक आईबापाला माहीत हवं. असा हादरा बसला की मूल बेशुद्ध पडतंच असं नाही. गोंधळणं, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, नुसतं गप्प होणं, यांतलं काहीही दिसलं किंवा मनात शंका जरी आली, तरी त्या दिवशी पुन्हा सायकल नाही. ‘‘मी ठीक आहे’’ असं मूल म्हणेल, ऐकायचं नाही. ओकाऱ्या होत असतील, झोप अनावर होत असेल, डोकेदुखी वाढत असेल, तर तातडीनं इस्पितळ. ब्रिटनमध्ये २०२३ पासून शाळा आणि क्लबमधल्या खेळांसाठी यासंबंधीच्या सूचना आहेत. पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, तीही शक्यतो स्क्रीनपासून दूर. नंतर पायरीपायरीनं शाळा आणि हालचाल. स्पर्धा तर २१ दिवसांच्या आत नाहीच. पहिला हादरा पुरता बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर तो फार घातक ठरू शकतो.

तिचं हेल्मेट मी त्याच संध्याकाळी मोडीत काढलं. बाहेरून एक ओरखडा होता फक्त. पण आतला फोम एकदाच दबतो, मार आपल्या अंगावर घेतो, त्याचं काम संपतं. आपल्याकडे थोरल्याचे कपडे धाकट्याला घालायची चांगली रीत आहे, मात्र पडझड पाहिलेलं हेल्मेट त्या रीतीत बसवू नका. तशीच दुसरी सवय वाढत्या अंगाचं घेण्याची. फ्रॉक मोठा चालतो, सायकल नाही. जंगलातल्या उतारावर मोठ्या सायकलवरचं मूल ब्रेकपर्यंत बोट पोचवू शकत नाही, आणि पोचलं तर अख्ख्या मुठीनं आवळतं. लेकीचं तेच झालं होतं. ब्रेकच्या दांडीजवळ एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की दांडी हँडलच्या जवळ येते आणि एका बोटानं ब्रेक लागतो. दोन मिनिटांचं काम. चार वर्षांत मला ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

ती पुन्हा सायकलवर बसेल असं मला वाटलं नव्हतं. तिलाच बसायचं होतं. या वेळी आम्ही मुलांना शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेलो. पहिले दोन रविवार त्यांनी तिला गवतावरच ठेवलं. सीट खाली, दोन्ही पेडल एका पातळीत, त्यांच्यावर उभं राहायचं, कोपर आणि गुडघे सैल, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. आणि नजर चाकासमोरच्या दगडावर नको, वाट जिथं जाते तिथं. नजर जाते तिथं सायकल जाते. मी लांबून बघत होते. मधेच न राहवून ओरडले, ‘‘शाब्बास, अजून जोरात!’’ त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, उतारावर मूल थांबलं की त्याच्या पायाकडे बघा. पाय जमिनीवर असेल तर त्याचं अजून ठरलेलं नाही. तेव्हा तुम्ही बोललात, तर ते तुम्ही ठरवलेलं करेल.

घरी येऊन मी तो अकरा सेकंदांचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. तेव्हा पहिल्यांदा मला तो पाय दिसला.

आता मी एवढंच पाळते. निघायच्या आधी सायकल तपासते, हेल्मेटचा पट्टा तपासते, नवी वाट असेल तर आम्ही दोघी ती आधी पायी चालतो. ती दगड दाखवते, मुळं दाखवते, कुठून जाणार ते सांगते. मग मी खाली जाऊन उभी राहते, फोन खिशात. ‘हळू’ नाही, ‘जा’ नाही. फार कठीण आहे हो हे. तोंडातून शब्द निसटू नये म्हणून मी दात घट्ट आवळून उभी असते. आजीला रात्रीचा फोन होतो तेव्हा तिचा पहिला प्रश्न अजूनही तोच, ‘‘हेल्मेट होतं ना?’’ आणि दुसरा, ‘‘तू ओरडली नाहीस ना?’’

ऑक्टोबरात आम्ही पुन्हा त्या उंचवट्यापाशी गेलो. ओकची पानं गळून वाट तांबूस झाली होती. ती कडेला येऊन थांबली, डावा पाय जमिनीवर. मी खालून पाहत होते. एक मुलगा तिच्या बाजूनं सुसाट गेला, मग दुसरा गेला. ती खाली वाकली, बोटांनी माती चिवडून पाहिली, सायकल वळवली आणि कडेच्या सोप्या वाटेनं सावकाश उतरून माझ्यापाशी आली.

‘‘आज नको,’’ हेल्मेट काढत ती म्हणाली. ‘‘खालची माती ओली आहे, चाक धरणार नाही. थालीपीठ उरलंय का?’’

मी डबा उघडला.